पिवळी ओळ आली, आता कुठे जायचं? एक्सेलच्या जुन्या डीबगर खिडक्यांमधून फिरायची रीत



व्हिडिओमध्ये माझा हात कीबोर्डवर पटापट चालतो आणि कुठलं बटण दाबलं ते दिसत नाही. म्हणून हा लेख. फाइल एका बाजूला, हे पान दुसऱ्या बाजूला, असं ठेवून काम करा.

समजा, भोकरमध्ये तुमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. बिलासाठी महागडं सॉफ्टवेअर घेतलेलं नाही. चार-पाच वर्षांपूर्वी कॉम्प्युटर क्लासच्या एका पोरानं एक्सेलमध्ये फाइल करून दिली. माल निवडा, नग टाका, ‘बिल काढा’ हे बटण दाबा, बिल तयार. त्याच बटणात स्टॉकही कमी होतो आणि बिल नंबरही पुढे सरकतो. फाइल छान चालते. पोरगा आता पुण्याला नोकरीला आहे. आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवड्यात, काउंटरवर आठ-दहा पालक उभे असताना, स्क्रीनवर एक पांढरा डबा येतो: रन-टाइम एरर १३, टाइप मिसमॅच. खाली बटणं: एंड, डीबग, हेल्प. कंटिन्यू नावाचंही एक बटण असतं, पण ते फिकट, दाबता न येणारं.

तुम्ही घाईत डीबग दाबता. एक अनोळखी खिडकी उघडते, आत इंग्रजी ओळी, त्यातली एक पिवळीधमक. मग पोराला फोन जातो.

“बाळा, बिल निघंना गेलंय. कायतरी पिवळं पिवळं आलंय बघ.”

“काका, काही दाबू नका. फोटो पाठवा.”

तोवर काकांनी चार बटणं दाबलेली असतात. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलेलं असतं.

हा लेख त्या काकांसाठी आहे, आणि त्या पोराच्या जागी उभं राहून गावात चार पैसे कमवू पाहणाऱ्या तरुणांसाठीही. मॅक्रो लिहायला आज शिकवत नाही. आज फक्त या खिडक्यांमधून न हरवता फिरायचं आणि दोष कुठे आहे ते शोधायचं.

ही खिडकी एवढी जुनाट का दिसते?

कारण ती जुनीच आहे. एक्सेलमध्ये मॅक्रो लिहायची व्हीबीए ही भाषा १९९३ साली एक्सेल ५ सोबत आली. तिच्यासाठी वेगळी एडिटरची खिडकी आली ऑफिस ९७ मध्ये. तेव्हापासून एक्सेलचं रूप पार बदललं, वर रिबन आली, रंग बदलले. ही मागची खोली मात्र जवळजवळ तशीच राहिली. करडी टूलबार, छोटे आयकॉन, खिडकीत खिडकी. याचा एक फायदा आहे. एकदा शिकलात की दुकानात ऑफिस २००७ असो की नवीन ऑफिस, कळा त्याच.

डीबग म्हणजे बग काढणं आणि बग म्हणजे किडा. आपल्या भागात किडा म्हटलं की फवारणी आठवते, पण हा किडा फवारणीनं मरत नाही. कुठल्या पानावर बसलाय ते आधी बघावं लागतं, आणि त्यासाठीच या खिडक्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मोबाइलमधल्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत, गूगल शीट्समध्येही व्हीबीए चालत नाही. कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप लागेलच.

आधी बाहेर पडायला शिका

आत कसं जायचं हे सगळेच शिकवतात. मी उलटं शिकवतो, कारण दुकानदाराची भीती ‘यातून बाहेर कसं पडू’ हीच असते.

पिवळी ओळ दिसतेय याचा अर्थ मॅक्रो मेलेला नाही, मध्येच थांबलाय. वरच्या पट्टीवर फाइलच्या नावाजवळ ‘ब्रेक’ असं लिहिलेलं दिसेल. या अवस्थेत तुम्ही शीटवर परत जाऊन पुन्हा ‘बिल काढा’ दाबलंत तर एक्सेल सांगतं, कॅन्ट एक्झिक्यूट कोड इन ब्रेक मोड. म्हणजे, अरे बाबा, पहिलं काम अर्धवट पडलंय, ते आधी मिटव. पुष्कळ जण इथेच अडकतात आणि कॉम्प्युटर बंद करून चालू करतात.

मिटवायचं असं: वर रन नावाचा मेनू आहे, त्यात रीसेट. टूलबारवर निळा चौकोन दिसतो, तोही तोच. तो दाबला की पिवळा रंग जातो. मग ऑल्ट + क्यू दाबा, एडिटर बंद होऊन तुम्ही एक्सेलमध्ये परत. आणि एडिटर बंद न करता फक्त शीट बघून यायचं असेल तर ऑल्ट + एफ११. ही कळ पुढच्या-मागच्या दाराची आहे. एकदा दाबली की एडिटर, पुन्हा दाबली की शीट.

लॅपटॉपवाल्यांनी लक्ष द्या. बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या रांगेतल्या कळा आवाज आणि उजेड कमी-जास्त करायला लावलेल्या असतात. तिथे एफएन कळ सोबत धरावी लागते. “सर, एफ८ दाबलं की आवाज वाढतोय” असं ऐकलं की कारण हेच.

रीसेट केल्यावर तीन गोष्टी तपासा, आणि हे मी जरा जोर देऊन सांगतोय. पहिली, बिल नंबर. मॅक्रोनं नंबर पुढे सरकवल्यानंतर तो अडला असेल, तर एक नंबर वाया गेलेला असतो. जीएसटीच्या बिलाचे नंबर सलग असावे लागतात, त्यामुळे मध्ये भोक पडू देऊ नका. नंबर मागे घ्या किंवा ते बिल रद्द म्हणून नोंदवा. दुसरी, स्टॉक. चार वह्या कमी झाल्या आणि बिल निघालंच नाही, असं झालंय का ते बघा. इथे कंट्रोल + झेड उपयोगाचं नाही. मॅक्रोनं शीटवर केलेला बदल त्यानं मागे येत नाही. तिसरी, बेरजा. काही फाइलींमध्ये मॅक्रो सुरुवातीला आपोआप होणारी आकडेमोड बंद करतो आणि शेवटी चालू करतो. मध्येच थांबला की ती बंदच राहते. मग आकडा बदलला तरी बेरीज हलत नाही. फॉर्म्युला टॅबमध्ये कॅल्क्युलेशन ऑप्शन्समध्ये जाऊन ऑटोमॅटिक करा.

आणि शिकायचं असेल तेव्हा फाइलची नक्कल काढून त्यावरच शिका. एडिटरमध्ये चुकून एफ५ दाबलं तर कर्सर ज्या मॅक्रोत आहे तो खराखुरा चालतो. खऱ्या फाइलवर खरा स्टॉक कमी होतो.

कोण कुठे बसलंय

आता आत जाऊ. ऑल्ट + एफ११.

मधली मोठी खिडकी म्हणजे कोड विंडो. हा आपला काउंटर, काम इथे चालतं. कुठेही भरकटलात तर एफ७ दाबा, काउंटरवर परत. एफ७ ही एकच कळ आज पाठ झाली तरी अर्धं काम झालं.

डावीकडे प्रोजेक्ट एक्सप्लोरर, कंट्रोल + आर. फाइलमध्ये किती शीटा आहेत, किती मॉड्यूल आहेत, कोणते फॉर्म आहेत याची यादी. ही रॅकची यादी समजा. नावावर डबल क्लिक केलं की त्या रॅकचा कोड मध्ये उघडतो. त्याच्या खाली प्रॉपर्टीज, एफ४. दोष शोधताना तिची गरज फारशी पडत नाही, बंद केली तरी चालते. उलट जागा मोकळी होते.

खाली इमिजिएट विंडो, कंट्रोल + जी. इथे थोडी गल्लत होते, कारण शीटवर असताना कंट्रोल + जी दाबलं तर ‘गो टू’चा डबा येतो. तीच कळ, पण दार वेगळं. इमिजिएट ही आपली रफ वही आहे. मॅक्रो थांबलेला असताना इथे प्रश्नचिन्ह टाइप करा, पुढे कोडमधलं व्हेरिएबलचं नाव जसंच्या तसं, आणि एंटर. खाली त्याची आत्ताची किंमत येते. मुनिमाला विचारावं, ‘दर किती धरलास रे?’ आणि त्यानं आकडा सांगावा, तसं.

लोकल्स विंडोला स्वतःची कळ नाही. ऑल्ट + व्ही दाबून मग एस. ही माझी सगळ्यात आवडती खिडकी. काही विचारायची गरज नाही. चालू मॅक्रोतले सगळे व्हेरिएबल ती आपणहून मांडून ठेवते. तीन रकाने असतात: नाव, किंमत, प्रकार. नवीन माणूस किंमत बघतो. जाणकार आधी तिसरा रकाना बघतो. का, ते पुढे उदाहरणात कळेल.

वॉच विंडो, ऑल्ट + व्ही मग एच. सगळ्या दुकानावर नजर नको, एकाच बरणीवर नजर ठेवायची असेल तर ही.

राहिला कॉल स्टॅक, कंट्रोल + एल, तोही मॅक्रो थांबलेला असतानाच. मालकानं मुनिमाला सांगितलं, मुनिमानं गड्याला पाठवलं, गडी गोदामात अडकला. कोणी कोणाला पाठवलं ती साखळी इथे दिसते. सगळ्यात वरचं नाव आत्ता अडकलेल्याचं. एखाद्या नावावर डबल क्लिक केलं की थेट त्याच्या ओळीवर. लहान फाइलमध्ये याची गरज पडत नाही. आडत दुकानाच्या हिशोबपट्टीसारख्या फाइलमध्ये, जिथे हमाली वेगळा मॅक्रो काढतो, तोलाई वेगळा आणि पट्टी तिसराच छापतो, तिथे मात्र पडते.

एका खिडकीतून दुसरीत जायला कंट्रोल + टॅब. उघड्या खिडक्या एकामागून एक समोर येतात. समोरची बंद करायची तर कंट्रोल + एफ४. कोडमध्ये एखाद्या मॅक्रोचं नाव दिसलं आणि तो कुठे लिहिलाय ते बघायचंय, तर त्या नावावर कर्सर ठेवून शिफ्ट + एफ२. तुम्ही थेट तिथे. आणि परत यायला कंट्रोल + शिफ्ट + एफ२. ही परतीची कळ फार कमी जणांना माहीत असते. माउसनं वर-खाली करत मघाची ओळ शोधण्यात लोक तास घालवतात.

ज्यांनी कॉलेजात टर्बो सी केलंय त्यांच्यासाठी एक इशारा. निळ्या पडद्यावरच्या त्या डीबगरमध्ये एफ६ दाबलं की पुढची खिडकी यायची, एफ७ आत शिरायचं, एफ८ वरून जायचं. बोटांना ती सवय असते. इथे एफ६ फक्त दुभागलेल्या कोड विंडोच्या वरच्या-खालच्या भागांत उडी मारतं, एफ७ कोड दाखवतं, आणि एफ८ आत शिरतं. वरून जायचं तर शिफ्ट + एफ८. कंपनी वेगळी, कळा वेगळ्या. गाडी बदलली की गिअरचा अंदाज बदलतो तसंच.

आता पिवळी ओळ सोडवू

आपल्या वह्यांच्या दुकानाकडे या. एरर का आली असेल?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले हे तुम्हाला माहीत आहे. शाळेच्या वह्यांवर आधी १२ टक्के होते, ते शून्य झाले. पेन्सिली, शार्पनर शून्यावर आले. कंपासपेटी १२ वरून ५ वर आली. दुकानदारानं काय केलं? दर-शीट उघडली, वहीसमोर १२ होते ते पुसले आणि लिहिलं ‘निल’. माणसाला बरोबर कळतं. सीएसुद्धा तोंडानं निलच म्हणतात. पण मॅक्रो त्या शब्दानं रकमेला गुणायला जातो आणि अडतो. टाइप मिसमॅच म्हणजे हेच: आकडा हवा होता, शब्द आला.

पण हे तुम्हाला मी सांगितलं म्हणून कळलं. सांगायला कोणी नसेल तर? बघा.

डबा आला की घाबरून एंड दाबू नका, डीबग दाबा. पिवळी ओळ दिसली. ही ओळ अडली, चालली नाही. समजा तिच्यात रक्कम गुणिले दर भागिले शंभर असं काहीतरी आहे. आता ऑल्ट + व्ही, मग एस. लोकल्स उघडली. रक्कम या नावासमोर २४०, तिसऱ्या रकान्यात डबल, म्हणजे आकडा. ठीक. दर या नावासमोर अवतरण चिन्हात काहीतरी, आणि तिसऱ्या रकान्यात व्हेरिअंट/स्ट्रिंग. स्ट्रिंग म्हणजे अक्षरं. सापडला!

तिसरा रकाना का महत्त्वाचा ते आता बघा. कधी कधी सेलमध्ये काहीच दिसत नाही, पण कोणीतरी स्पेसबार दाबून ठेवलेला असतो. कधी नगाच्या जागी ‘२ डझन’ लिहिलेलं असतं. डोळ्याला सेल रिकामा दिसतो. प्रकाराचा रकाना मात्र लपवत नाही.

मग प्रश्न, हा शब्द आला कुठून? पिवळी ओळ म्हणजे जिथे अडलं ती जागा. दोष तिथेच असेल असं नाही. वरच्या ओळी वाचत जा, दर या व्हेरिएबलमध्ये किंमत कुठे भरली ते शोधा. दर-शीटच्या अमुक रकान्यातून, असं दिसेल. ऑल्ट + एफ११ दाबून शीटवर जा, वहीची ओळ बघा, ‘निल’ पुसून ० टाका.

इथून पुढे दोन वाटा आहेत. सोपी वाट: रीसेट करा, बिल नंबर आणि स्टॉक तपासा, बिल नव्यानं काढा. नवीन माणसानं हीच वाट धरावी. दुसरी वाट: कोड विंडोच्या डाव्या कडेला पिवळा बाण असतो, तो माउसनं धरून दर वाचणाऱ्या ओळीवर नेऊन सोडायचा आणि एफ८ दाबत पुढे जायचं. नुसतं सेल दुरुस्त करून एफ५ दाबलं तर पुन्हा तीच एरर येईल, कारण मॅक्रोच्या खिशात जुना ‘निल’ अजून तसाच आहे. बाण मागे नेला की तो नव्यानं वाचतो. पण सांभाळून! बाण ज्या ओळींच्या मागे न्याल त्या ओळी पुन्हा चालतात. त्यात स्टॉक कमी करणारी ओळ असेल तर माल दोनदा कमी होईल.

न बोलणारा किडा

एरर देणारा दोष परवडला. तो निदान ओरडतो. धंद्याला खरा खड्डा पाडतो तो गप्प दोष.

त्याच फाइलमध्ये वहीचा दर शीटवरून येत होता, पण कंपासपेटीचा १२ टक्के दर पोरानं घाईत थेट कोडमध्ये लिहून ठेवला होता असं समजा. शीटवर तुम्ही ५ केलंत, समाधानानं चहा प्यायलात. बिलावर मात्र १२ टक्केच लागतायत. डबा नाही, पिवळी ओळ नाही, काहीच नाही. गिऱ्हाईक जास्त पैसे देतंय. आणि कायद्याची बाजू अशी की कर म्हणून गिऱ्हाइकाकडून जे घेतलं ते सरकारला भरावंच लागतं. ‘फाइलची चूक होती’ म्हणून ते गल्ल्यात ठेवता येत नाही. उलट बाजूनं चुकलात, म्हणजे कमी लावलात, तर फरक तुमच्या खिशातून.

हा कसा पकडायचा?

पहिली युक्ती अगदी साधी. एडिटरमध्ये कंट्रोल + एफ, शोधायचा आकडा १२, आणि खाली ‘करंट प्रोजेक्ट’ हा पर्याय निवडा म्हणजे सगळ्या रॅकांमध्ये शोध होतो. अडचण अशी की १२ हा आकडा बाराव्या रकान्यासाठीही वापरलेला असू शकतो, बाराव्या ओळीसाठीही. प्रत्येक सापडलेली जागा वाचून बघावी लागते. फाइल छोटी असेल तर दहा मिनिटांत काम होतं.

फाइल मोठी असेल तर वाट अडवून बसायचं. बिलाच्या मॅक्रोत सुरुवातीच्या ओळीवर कर्सर नेऊन एफ९ दाबा. डाव्या कडेला लाल ठिपका येतो. याला ब्रेकपॉइंट म्हणतात. मॅक्रो तिथे येऊन थांबतो, एरर असो नसो. आता नक्कल फाइलवर, एकच कंपासपेटी टाकून ‘बिल काढा’ दाबा. थांबला. लोकल्स उघडी ठेवा आणि एफ८ एकेकदा दाबत जा. प्रत्येक दाबण्याला एक ओळ पुढे. इथे एक नियम पक्का ठेवा: चालता चालता थांबलेला असताना पिवळी ओळ ही अजून चाललेली नसते, आता चालणार असते. म्हणून दराच्या ओळीवर पिवळं आलं आणि लोकल्समध्ये दर अजून शून्यच दिसला तर गोंधळू नका. एकदा एफ८ दाबा, मग बघा. ५ यायला हवा तिथे १२ आला, की नुकतीच चालून गेलेली ओळ हाच चोर.

मध्येच एखाद्या छपाईच्या मॅक्रोत शिरलात आणि तिथे पन्नास ओळी आहेत असं दिसलं, तर सगळ्या चालत बसू नका. कंट्रोल + शिफ्ट + एफ८ दाबलं की तो मॅक्रो पूर्ण होऊन तुम्ही बाहेर येता.

आणि वॉच खिडकी वापरायची असेल तर याहून छान काम होतं. कोडमधल्या दर या नावावर राइट क्लिक, ॲड वॉच. डब्यात वर ‘दर = १२’ अशी अट लिहायची, अर्थात कोडमधलं खरं नाव आणि इंग्रजी आकडे वापरून. खाली तीन पर्याय असतात, त्यातला ‘ब्रेक व्हेन व्हॅल्यू इज ट्रू’ निवडा. आता बिल काढा. मॅक्रो आपणहून चालत राहील आणि दर १२ झाल्या झाल्या थांबेल. तुम्ही एफ८ पन्नास वेळा दाबायची गरज नाही. पहारेकरी बसवला, तुम्ही झोपा.

काम झालं की कंट्रोल + शिफ्ट + एफ९ दाबून सगळे लाल ठिपके काढून टाका. फाइल बंद केली की ते तसेही जातात, पण त्याच बैठकीत गिऱ्हाईक आलं आणि बिल मध्येच थांबलं तर उगाच घामटं निघतं.

दुरुस्ती करताना कोडमधला १२ खोडून ५ लिहू नका, असं माझं ठाम मत. उद्या दर पुन्हा बदलला की पुन्हा हाच शोध. कोडमधला आकडा काढा आणि तो दर-शीटवरून वाचायला लावा. वहीचा जसा येतो तसा. आणि कोणत्या मालाला कोणता दर, हे तुमच्या सीएकडून एकदा लिहून घ्या. आपण फाइलचे डॉक्टर आहोत, कराचे नाही.

खिडक्या उधळल्या तर

हे हमखास होतं. माउसनं ओढताना लोकल्स मध्येच तरंगायला लागते, कोडवर येऊन बसते, हलवली की दुसरीच कुठेतरी चिकटते. तिच्या वरच्या पट्टीवर डबल क्लिक करा, ती जागेवर जाऊन बसते. तरी बसली नाही तर टूल्स मेनूत ऑप्शन्स, त्यात डॉकिंग नावाचा टॅब. तिथे त्या खिडकीच्या नावासमोर टिक आहे का बघा. दुकानात दोन मॉनिटर असतील आणि एक काढला असेल तर खिडकी पडद्याबाहेर राहिलेली असू शकते. इंटरनेटवर यासाठी रजिस्ट्रीतली नोंद पुसायचा उपाय सापडतो. उपाय खरा आहे, पण ते काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या.

माझी मांडणी सांगतो. डावीकडे काही नाही, मध्ये कोड, खाली अर्ध्यात लोकल्स आणि अर्ध्यात इमिजिएट. बाकी सगळं बंद. लहान पडद्याच्या लॅपटॉपवर याहून जास्त मावतही नाही.

ज्या दारातून आतच जाता येत नाही

कधी एररच्या डब्यात डीबग हे बटणच फिकट असतं. याचा अर्थ फाइल बनवणाऱ्यानं कोडला पासवर्ड लावलाय. मग वरचं सगळं ज्ञान बाजूला. पासवर्ड लावणं त्याच्या दृष्टीनं चूक नाही, त्याची मेहनत आहे. पण पैसे देऊन फाइल करून घेताना एक ओळ लिहून घ्या: पासवर्ड मालकाकडे राहील. तोंडी नको. तुम्ही स्वतः फाइली बनवून देणारे असाल तर हे आपणहून द्या. गिऱ्हाईक अडकून राहावं म्हणून कुलूप लावणारा पहिल्या वर्षी कमावतो, पुढे तालुक्यात त्याचं नाव कोणी घेत नाही.

दुसरं, फाइल उघडली की वर लाल पट्टी येऊन मॅक्रो अडवलेत असं सांगते. इंटरनेटवरून किंवा मेलमधून आलेल्या फाइलींचे मॅक्रो मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून आपोआप अडवायला सुरुवात केलीय. फाइल तुमच्याच माणसानं पाठवली आहे याची खात्री असेल तर ती बंद करा, फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉक. खात्री नसेल तर हात लावू नका. मॅक्रोमधून व्हायरस येतात म्हणूनच ती पट्टी आहे.

आणि ‘कॅन्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’ असं आलं तर कोड वाचत बसू नका. रीसेट करून टूल्स मेनूत रेफरन्सेस उघडा. ज्याच्यापुढे मिसिंग लिहिलंय ती टिक काढून बघा. जुन्या कॉम्प्युटरवरची फाइल नव्यावर आणली की हे होतं.

गावात ही सेवा द्यायची असेल तर सुरुवात सप्टेंबर २०२५ च्या आधी बनलेल्या फाइलींपासून करा. कृषी सेवा केंद्रात ठिबक आणि तुषारचं साहित्य १२ वरून ५ वर आलंय, किराण्यात फरसाण १२ वरून ५ वर, साबण-टूथपेस्ट १८ वरून ५ वर. ज्यांच्या फाइलीत जुने आकडे कोडमध्ये गाडलेले आहेत त्यांना अजून कळलेलंही नसेल. जाताना पेनड्राइव्ह न्या, आधी त्यांच्यासमोर नक्कल काढा, आणि काय बदललं ते त्याच फाइलमध्ये एका वेगळ्या शीटवर तारखेसह मराठीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुम्ही पुण्याला असाल आणि दुसरा कोणी ती फाइल उघडेल.

पुढच्या व्हिडिओत दराचे आकडे कोडमधून काढून शीटवर कसे आणायचे ते करू. तुमच्या फाइलची नक्कल काढून तयार ठेवा, आणि लोकल्सची खिडकी उघडूनच बसा.